कातळवड उभा राहील का? वसाहतीने जगणाऱ्या एका काल्पनिक 'झाडा'चा जमाखर्च

काल्पनिक जग रचणाऱ्या एका लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन कोटी वर्षांनंतरचं पुणे. वेताळ टेकडीपासून सिंहगडापर्यंतच्या उघड्या कातळावर 'कातळवड' नावाचा जीव वाढतो. दिसायला झाड, उंची १२ मीटर, पण मुळात ती प्राण्यांची वसाहत. पूर्वज समुद्रातला पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, म्हणजे जेलीफिशसारखा दिसणारा, वसाहतीने जगणारा प्राणी. वसाहतीतले काही घटकजीव पानं झालेत, काही मुळं, काही किडे पकडतात, काही फक्त पिल्लं काढतात. एका बीपासून एका पावसाळ्यात दहा लाख घटकजीव तयार होतात आणि हात लावला की सगळं झाड लाजाळूसारखं मिटतं. हे जीवशास्त्रात बसतं का, आणि बसत नसेल तर काय बदलायचं?

कल्पना बसते. उंची, पूर्वज आणि वाढीचा वेग बसत नाही. किडे खाऊन पोट भरणं तर अजिबातच बसत नाही, आणि तिथेच या जीवाचा खरा गाभा लपलेला आहे. त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलू.

आधी काळ. भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतोय. हा वेग तसाच राहिला तर दोन कोटी वर्षांत १,००० किलोमीटर होतात, म्हणजे अक्षांशाचे नऊ अंश. आज साडेअठरा अंशांवर असलेलं पुणे तेव्हा दिल्लीच्या आजच्या अक्षांशाजवळ असेल. तिथे मृगाचा पाऊस आणि हस्ताचा पाऊस आजच्यासारखाच पडेल, असं गृहीत धरता येत नाही. तुमच्या जीवाची सगळी गंमत पुण्याच्या पावसावर आहे, तेव्हा गोष्ट आजच्याच पुण्यात, आजच्याच पावसात ठेवा आणि उत्क्रांतीचा फाटा भविष्यात न काढता भूतकाळात काढा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरांमागून थर पसरत होता. भारत तेव्हा आशियाला भिडलेला नव्हता, चहूबाजूंनी समुद्र होता. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात गोड्या पाण्याची तळी साचत. त्या तळ्यांतले जीवाश्म नागपूर-छिंदवाड्याकडच्या थरांत मिळतात. नवा कोरा कातळ, आटणारी-भरणारी तळी आणि बाहेरून सहज कुणी येणार नाही अशी भूमी. पर्यायी उत्क्रांतीला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

पूर्वजही तिथलाच घ्या. मॅन ऑफ वॉर पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लागतो, घटकजीवांमधली श्रमविभागणी शिकायला त्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही: तरंगणारा फुगा, खाणारे, डंख मारणारे, प्रजनन करणारे, सगळे वेगळे. पण तो खाऱ्या पाण्याबाहेर तगत नाही आणि कोरड्या काळात झोपून राहण्याची कुठलीही अवस्था त्याच्याकडे नाही. पुण्यात जवळपास आठ महिने सलग पाऊस नसतो. जमिनीवर यायला लागणारं एकही हत्यार त्याच्या हाती नाही.

त्याऐवजी गोड्या पाण्यातले ब्रायोझोआ घ्या. नावाचा अर्थच 'शेवाळप्राणी'. घटकजीव मिलिमीटरभराचे, डोक्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा, शुंडकांचा (सोंडेसारख्या बारीक अवयवांचा) तुरा. तीन गोष्टी त्यांना या कामासाठी आयत्या मिळाल्यात. पहिली, गोड्या पाण्यातल्या गटात घटकजीवांची देहपोकळी एकमेकांना जोडलेली असते, म्हणजे सामाईक नळ आधीच आहे. दुसरी, ते स्टॅटोब्लास्ट नावाच्या कठीण कवचाच्या सुप्त कळ्या बनवतात. तळं आटलं, थंडी पडली तरी त्या टिकतात आणि पाणपक्ष्यांबरोबर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. तिसरी, प्लुमाटेलासारख्या जातींत नळीच्या भिंतीला गाळाचे कण चिकटलेले असतात. ही तिसरी गोष्ट आता किरकोळ वाटेल, पण पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

हिरवेपणा कुठून येणार? गोड्या पाण्यातला हिरवा हायड्रा आणि स्पंज दोघंही आपल्या पेशींत क्लोरेला जातीचं शैवाल पाळतात आणि त्याची साखर खातात. हायड्रा तर अंड्यातूनच ते पुढच्या पिढीला देतो. तुमच्या ब्रायोझोआनेही तेच केलं, आणि शैवाल स्टॅटोब्लास्टच्या कवचात भरून दिलं, एवढं पुरे. मग शुंडकांच्या तुऱ्याला पाण्यातून अन्न गाळायचं काम उरत नाही. तो पसरट होतो, हिरवा होतो, पान होतो. वरून पान चिकटवण्यापेक्षा जुन्या अवयवाचं काम बदललेलं दाखवलंत तर वाचकाला ते लगेच पटतं.

आता उंची. १२ मीटर का नाही, ते तीन आकड्यांत कळतं.

पाण्यात विरघळलेली साखर नुसत्या विसरणाने (प्रवाहाशिवाय आपोआप पसरत) १ मिलिमीटर जायला सुमारे १७ मिनिटं घेते. अंतर दहापट केलं की वेळ शंभरपट होतो: १ सेंटीमीटरला सव्वा दिवस, १० सेंटीमीटरला जवळपास चार महिने. म्हणजे मिलिमीटरच्या पलीकडे काहीही न्यायचं तर वाहता प्रवाह हवाच. ब्रायोझोआकडे देहपोकळीतले केसल, म्हणजे हलून पाणी ढकलणारे सूक्ष्म केस, आहेत. त्यांचा प्रवाह सेकंदाला ०.२ मिलिमीटर धरला तर १ मीटरला दीड तासाच्या आत माल पोचतो. आडव्या वसाहतीला हे छान आहे. पण १२ मीटरला सतरा तास लागतील, आणि वर चढताना सव्वा वातावरणाचा दाब लागेल, जो केसल कधीच देऊ शकत नाहीत. झाडं हे काम पंपाने करत नाहीत. पानांतून पाणी उडतं आणि काष्ठाच्या मजबूत नळ्यांतून खालचं पाणी ओढलं जातं. नळी ओढीने पिचकू नये म्हणून तिला लाकूड लागतं. शेवाळप्राण्याकडे लाकूड नाही.

केशाकर्षणाने चालवता येईल का? १५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी आपोआप १ मीटरच्या आसपास चढतं. पण इतक्या बारीक नळीतून ते फार हळू येतं, आणि जितकं वर तितकं कमी. हिशेब करून माझी मर्यादा ४० सेंटीमीटर, त्यातही रोजच्या जगण्याचे तुरे ३-४ सेंटीमीटरचेच. नाव मात्र बदलू नका. वड मोठा असतो तो पारंब्यांमुळे, आडवा पसरून. तुमची वसाहतही कातळाच्या भेगांमधून मीटर-मीटरभर धावणाऱ्या पारंब्या सोडेल, पोचली तिथे पुन्हा धरेल आणि नवा तुऱ्यांचा गादीसारखा थर उठवेल. दुरून ती काळ्या दगडावरची हिरवी गादी दिसेल, जवळून जंगल.

पाण्याचा हिशेब याहून कडक आहे. गणितापुरतं धरू की पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी चौरस मीटरला ४ किलोवॉट-तास ऊन मिळतं. त्यातलं १ टक्का साखरेत साठलं (पिकांच्या मानाने साधारण, कातळावरच्या जीवाच्या मानाने उदारच), तर दिवसाला सुमारे ९ ग्रॅम साखर होते. एवढी साखर करायला १३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो. आणि त्याच्या एका रेणूमागे साध्या वनस्पतीचे पाण्याचे सुमारे ४०० रेणू उडून जातात. म्हणजे चौरस मीटरला दिवसाला २ लिटरहून थोडं जास्त पाणी. पुण्यात जून ते सप्टेंबर साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, रोजची सरासरी ५ मिलिमीटरच्या आसपास. सरासरीत भागतं. पण पाऊस सरासरीने पडत नाही आणि कातळ पाणी धरून ठेवत नाही. वसाहतीचं कोरडं वजन अर्धा किलो असेल आणि ती तिप्पट पाणी पीत असेल, तर साठा दीड लिटर. एक दिवसही पुरत नाही. श्रावणात आठ दिवस उघडीप पडली की काय?

तेव्हा तिने झाडासारखं ओलं राहण्याचा हट्टच सोडला पाहिजे. ती वाळेल आणि पुन्हा जिवंत होईल. हे काल्पनिक नाही. सह्याद्रीतल्या अशा वाळून पुन्हा हिरव्या होणाऱ्या ६२ वनस्पतींची नोंद पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी केली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कातळांवर नि सड्यांवरच (सपाट खडकाळ पठारांवर) वाढतात. स्वयंपाकघरातही एक नमुना आहे: गोड्या मसाल्यातलं दगडफूल. ते बुरशी आणि शैवालाची भागीदारी आहे. मंडईजवळच्या मसाल्याच्या दुकानातून थोडं आणा, १० ग्रॅम मोजा, पाच मिनिटं पाण्यात ठेवा, फडक्याने वरवरचं टिपा आणि पुन्हा मोजा. आलेला आकडा तुमचा जीव किती पाणी धरतो, या हिशेबात सरळ वापरता येतो. मसाल्याचं दगडफूल जिवंत असेलच असं नाही, पण पाणी शोषायला जिवंत असावं लागत नाही. आणि नेमकं हेच शिकायचं आहे, की इथे पाणी पिणं ही मेहनत नसून स्पंजासारखी आपोआप होणारी क्रिया आहे. त्यातूनच पुढचा घोटाळा होतो.

घोटाळा वळवाचा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अर्धा तास धो-धो पडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ४० अंश. स्पंजासारखी वसाहत त्या अर्ध्या तासात फुगते, पेशी जाग्या होतात, तुटलेले पडदे-प्रथिनं दुरुस्त करायला साठ्यातली साखर जाळतात. प्रकाशसंश्लेषण मार्गी लागायच्या आत पुन्हा कोरड. जमा शून्य, खर्च पूर्ण. धरा की साठा ५० ग्रॅम आहे आणि एका जागेपणाला १० ग्रॅम लागतात. पाच वळीव झाले की मृगाच्या आधीच दिवाळं.

यावर दोन कुलपं बसवा. एक बाहेरचं: वाळताना तुरा नळीत ओढला जातो आणि नळीचं तोंड मेणचट डिंकाच्या बुचाने बंद होतं. हा डिंक पाण्यात हळूहळू विरघळतो. सलग तीस-पस्तीस तास ओल राहिली तरच तोंड उघडतं. वळीव तेवढा टिकत नाही, मृग टिकतो. दुसरं कुलूप स्टॅटोब्लास्टला: वाळवंटातल्या काही बियांच्या सालीत अंकुरण रोखणारं रसायन असतं, पुरेसा पाऊस पडून ते धुऊन गेलं की मगच बी रुजते. तसंच इथे. जुन्या वसाहतीचं आणि कळ्यांचं कुलूप वेगवेगळं ठेवा. दोन्हींना एकच खूण ठेवली आणि एखाद्या वर्षी पावसाने फसवलं, तर जुनं आणि नवं एकदमच मरेल.

जुलै-ऑगस्टमधली उघडीप मात्र वेगळी हाताळावी लागते. तेव्हा बूच पूर्ण घट्ट केलं तर पुढची सर आली तरी दीड दिवस वाया. म्हणून पावसाळ्याच्या मधल्या काळात वसाहत फक्त तुरे आत ओढते, बूच पातळ ठेवते आणि सर आल्यावर तासाभरात कामाला लागते. हरितद्रव्यही तेव्हा मोडत नाही. ते मोडून पुन्हा बांधायला कित्येक तास ते दिवस लागतात, तो खर्च वर्षातून एकदाच परवडतो, हस्त संपल्यावर. मग ऑक्टोबरच्या उन्हात हिरवं काढून टाकायचं, कारण वाळलेल्या पेशीत हरितद्रव्य ऊन पीतच राहतं आणि त्या ऊर्जेचा वापर नसल्याने पेशीच जाळतं. उन्हाळ्यात वसाहत राखाडी-पांढरी खपली दिसेल. चित्रात मे महिना हिरवा काढू नका.

आता नत्राकडे (नायट्रोजनकडे) येऊ. रोजची ९ ग्रॅम साखर ११० दिवसांत किलोभर होते, निम्मी श्वसनात जाते, उरतं ५०० ग्रॅम. वाटणी अशी करा: ३०० ग्रॅम घटकजीवांच्या देहात (दहा लाख घटकजीव, प्रत्येकी ०.३ मिलिग्रॅम कोरडे), ५० ग्रॅम उन्हाळ्याचा साठा, ५० ग्रॅम कळ्यांना, १०० ग्रॅम डिंकात आणि गळतीत. डिंक नि साठा म्हणजे जवळपास नुसती साखर, त्यात नत्र नाही. देहात २ टक्के धरलं तर ६ ग्रॅम, कळ्यांत ४ टक्के धरलं तर २ ग्रॅम. जुन्या देहातलं ८० टक्के नत्र मरण्याआधी परत ओढून घेतलं, तरी दर हंगामाला नवं ३.२ ग्रॅम लागतंच.

तुम्ही हे किड्यांतून भरायचं म्हणता. किड्याच्या कोरड्या वजनात साधारण १० टक्के नत्र, त्यातलं निम्मं पचलं असं धरू. ६४ ग्रॅम कोरडे किडे लागतील. डासाचं कोरडं वजन अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे चौरस मीटरमागे सव्वा लाखाहून जास्त डास, रोजचे अकराशेवर. पुण्यातसुद्धा नाही.

सड्यांवर किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, कासच्या पठारावर सीतेची आसवे आणि दवबिंदू लाखोंनी फुलतात, हे खरं. पण त्या चिमुकल्या आहेत, हळू वाढतात आणि त्यांना लागणारं नत्र तुमच्या गादीच्या मानाने नगण्य आहे.

सापळे जवळपास काढून टाका, शंभरात एक ठेवा. त्याऐवजी नॉस्टॉक घ्या. पावसाळ्यात टेकडीवर दगडांवर नि मुरमावर काळपट हिरवे, जेलीसारखे लिबलिबीत पापुद्रे दिसतात ना, ते. हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू, हवेतलं नत्र पकडतो. पण नत्र पकडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि तुमचे हिरवे तुरे दिवसभर ऑक्सिजनच सोडत असतात. नॉस्टॉक स्वतः हे जाड भिंतीच्या खास पेशी करून सोडवतो. काही दगडफुलांत तर शैवाल सगळीकडे आणि नॉस्टॉक वेगळ्या गाठींमध्ये बंद, अशी सोयही दिसते. तुमच्या वसाहतीनेही तेच करावं: शंभरात पाच घटकजीव नॉस्टॉकचे कोठार, निळसर काळे, जाड भिंतीचे, तुरा नसलेले. ते नत्र देतात, शेजारचे हिरवे त्यांना साखर देतात.

आणि हीच या जीवाच्या 'वसाहत का?' या प्रश्नाची चावी आहे. नुसती पानं-मुळं-फुलं वेगळी करायला वसाहत लागत नाही, एकटं झाडही ते करतं. वाचक हा प्रश्न विचारणारच. एकाच खोलीत नांदू न शकणाऱ्या दोन रासायनिक क्रिया, प्रत्येकीला आपली खोली आणि मध्ये सामाईक नळ, हे उत्तर ठोस आहे. प्रत्येक नवा घटकजीव सुचला की स्वतःला विचारा: हे काम शेजारच्या खोलीत केलं तर काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर तो घटकजीव नको.

नत्राची बचत सांगाड्यातही करा. किडे-खेकड्यांसारख्या प्राण्यांचं नेहमीचं बांधकाम कायटिन, आणि त्यात वजनाच्या सुमारे ७ टक्के नत्र असतं. वनस्पतींच्या सेल्युलोजमध्ये शून्य. म्हणूनच झाडाला लाकूड परवडतं आणि तुमच्या जीवाला कायटिनचं खोड परवडत नाही. इथे प्लुमाटेलाची ती सवय कामाला येते: पातळ कायटिनची नळी, तिच्यावर डिंक, आणि डिंकावर चिकटलेले बेसॉल्टचे कण नि धूळ. भिंत फुकटात. शिवाय उन्हाळ्यात सावली.

स्फुरद (फॉस्फरस) कातळातूनच मिळेल. बूड धरणारे घटकजीव ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, दगडफुलंही तेच करतात. बेसॉल्ट हळूहळू सुटतो. हे काम फार मंद आहे, वर्षाला दिसणारसुद्धा नाही. तरी घटकजीवांत त्यांचा वाटा दहा टक्के ठेवा, कारण वारा आणि वाहतं पाणी यांतही तेच धरून ठेवणार. एकंदर प्रमाण असं धरता येईल: हिरवे ६८, नळ आणि साठा १२, बूड धरणारे १०, नॉस्टॉकवाले ५, राखणदार २, कळ्या वाहणारे २, सापळे १.

वाढीचा वेग. तुमचं गणित दुपटीचं आहे: पाच दिवसांना दुप्पट, वीस दुपटी, शंभर दिवसांत दहा लाख. गणित बरोबर, जीव चुकीचा. दुप्पट व्हायला प्रत्येकाच्या शेजारी जागा रिकामी हवी. पसरणाऱ्या वसाहतीत जागा फक्त कडेला असते, मधले सगळे दाटलेले. कड रोज २ मिलिमीटर सरकली, तर शंभर दिवसांत त्रिज्या २० सेंटीमीटर आणि चौरस मिलिमीटरला एक या हिशेबाने घटकजीव सव्वा लाख. चौरस मीटर भरायला, म्हणजे त्रिज्या ५६ सेंटीमीटर व्हायला, तीन पावसाळे. भिंगाने पाहिलंत तर कातळावरच्या गोल दगडफुलांचीही वाढ कडेलाच चाललेली दिसते. पारंब्यांनी मात्र थोडी सूट मिळते, कारण पारंबी दूर जाऊन नवी कड उघडते. म्हणूनही नाव कातळवडच.

गोगलगायी हे पावसाळ्यातलं मोठं संकट. सामाईक देहपोकळी असलेल्या वसाहतीला एका जागी चावा बसला की सगळा नळ वाहून जाईल. म्हणून दर पाचशे घटकजीवांना एक पडदा द्या, त्यात बारीक छिद्रं, दाब अचानक पडला की बंद होणारी. समुद्रातल्या ब्रायोझोआत घटकजीवांच्या मधल्या भिंतींत अशी बुजलेली छिद्रं असतात, आणि त्यांच्यातच पक्ष्याच्या चोचीसारखा नुसता जबडा उरलेले राखणदारही असतात, पोट नाही, तुरा नाही, शेजाऱ्यांच्या जिवावर जगणारे. ते तसेच उचला.

स्पर्शाने मिटणं ठेवा, पण त्या पाचशेच्या पट्ट्यापुरतं. सगळी गादी मिटवायला सगळ्या पडद्यांतून चेतातंतू न्यावे लागतील, आणि एका मुंगीपायी चौरस मीटरभर जीवाचं दिवसाचं उत्पन्न बुडेल. हात फिरवला तर बोटामागे मिटत जाणारी पट्टी दिसेल. ते दृश्य जास्त देखणं आहे.

शेवटचा आणि बहुतेक जण विसरतात तो भाग: वारसा कुणाचा. ९८ टक्के घटकजीव स्वतः पिल्लं न काढता राबतात. हे टिकतं ते सगळे एकाच कळीतून आलेले, एकाच रक्ताचे असल्यामुळे. व्हॉल्व्हॉक्स या गोड्या पाण्यातल्या, वसाहतीने राहणाऱ्या शैवालाच्या एका जातीत सुमारे २,००० पेशी राबतात आणि जेमतेम १६ पुढची पिढी काढतात, कारण सगळ्या एकाच पेशीच्या लेकी. पण कातळावर दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडणारच. त्या एकरूप झाल्या तर? बॉट्रिलस नावाच्या समुद्री वसाहतीत हे प्रत्यक्ष घडतं: दोन वसाहती जुळतात, आणि कधी कधी एकीच्या बीजपेशी नळातून दुसरीत शिरून तिथलं सगळं प्रजनन बळकावतात. मेंटेनन्स न भरता सोसायटीची टाकी वापरणारा, आणि वर फ्लॅटही स्वतःच्या नावावर करून घेणारा. म्हणून बॉट्रिलसकडे ओळख पटवणारं जनुक आहे, ज्याचे असंख्य प्रकार आहेत. दोघींत त्याची किमान एक प्रत सारखी असेल तरच जुळणी, नाहीतर सीमेवरच्या पेशी एकमेकींना मारतात.

तुमच्या जगात याचं रूप असं: लैंगिक प्रजनन फक्त पुष्य-आश्लेषाच्या भर पावसात, जेव्हा कातळावर पाण्याची सलग पातळ साय असते आणि शुक्रपेशी पोहून जाऊ शकतात. बाकी वर्षभर नुसत्या कळ्या. एका कळीचं कोरडं वजन ०.२ मिलिग्रॅम धरलं तर त्या ५० ग्रॅममधून अडीच लाख कळ्या, वाऱ्याने आणि वाहत्या पाण्याने पसरणाऱ्या. बहुतेक भावंडं जवळपासच पडतील आणि पुढे एकमेकांत मिसळून एकच मोठी गादी होईल. परकी वसाहत भेटली की दोघींच्या कडा मरतील. नकाशात पठार हिरवं रंगवताना त्या सीमा सोडू नका: बोटभर रुंदीच्या, आम्लाने खाल्लेल्या फिकट रेषा, दोन्हीकडून राखणदार दाटीने उभे आणि मधल्या उघड्या पट्टीत नुसतं काळं नॉस्टॉक.